लेखक-चित्रकारांची नावं आधी घ्या : मार्व्हल आणि डीसीच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
श्री. केव्हिन फायगी, मार्व्हल स्टुडिओज
श्री. जेम्स गन आणि श्री. पीटर सॅफ्रन, डीसी स्टुडिओज

स. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय. मार्व्हल आणि डीसी या सुपरहिरोंच्या कॉमिक्स-सिनेमांच्या दोन अमेरिकन कंपन्यांचं भांडण आम्ही चाहतेच जास्त मनाला लावून घेतो. तुमची माणसं तर इकडून तिकडे आरामात ये-जा करतात. गनसाहेब, तुम्ही स्वतः मार्व्हलसाठी रॉकेट रकूनचे तीन सिनेमे करून डीसीच्या सुपरमॅनच्या घरी राहायला गेलात. (बरंच झालं. सुपरमॅनच्या क्रिप्टोसारख्या उनाड कुत्र्याला पडद्यावर एवढी मोकळीक दुसऱ्या कुणी दिली नसती.)

मी तुमच्या सिनेमांचं जुनं गिऱ्हाईक आहे आणि कॉमिक्सचं त्याहून जुनं. माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्या लेखक-चित्रकारांनी ही पात्रं आणि गोष्टी रचल्या, त्यांची नावं सिनेमाच्या सुरुवातीला, दिग्दर्शकाच्या बरोबरीनं, वाचता येतील अशा अक्षरांत लावा. आणि त्यांना कमाईतला वाटा ठरलेल्या नियमानं द्या. मेहेरबानी म्हणून नको, आणि माणूस गेल्यावर तर मुळीच नको.

फायगीसाहेब, तुमच्यापासून सुरुवात करतो. तुमच्या सिनेमांत मला सगळ्यात जास्त आवडतो तो २०१४ चा ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’. लिफ्टमधली ती मारामारी तर आहेच, पण सगळ्या धुमश्चक्रीच्या मध्यभागी एक जुना मित्र उभा आहे आणि त्याला मित्राची ओळख पटत नाहीये. हा मित्र, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी बार्न्स, दुसऱ्या महायुद्धात मेला, असं कॉमिक्समध्ये १९६४ पासून ठरलेलं होतं. कॉमिक्सवाले गमतीनं म्हणायचे की इथे कुणीच कायमचं मरत नाही. अपवाद फक्त बकी, बॅटमॅनचा जोडीदार जेसन टॉड आणि स्पायडरमॅन पीटरचे बेनकाका. लेखक एड ब्रुबेकर यांनी २००५ मध्ये तो अपवाद मोडला. बकी मेला नव्हता. सोव्हिएत पाणबुडीनं त्याला समुद्रातून उचललं, त्याची आठवण पुसली आणि पुढची कित्येक वर्षं खून करण्यापुरतं त्याला थंड पेटीतून बाहेर काढलं. चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी त्याला पोलादी हात दिला आणि त्या हातावर खांद्याशी लाल तारा काढला. तो तारा तुम्ही जसाच्या तसा पडद्यावर नेलात. सिनेमाचं नावसुद्धा त्यांच्या गोष्टीचंच.

ब्रुबेकर त्या सिनेमात क्षणभर दिसतात, बकीभोवतीच्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणून. २०२१ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की विंटर सोल्जर, म्हणजे नव्या रूपातला बकी, रचल्याबद्दल मार्व्हलकडून जेवढं मिळालं, त्याहून जास्त पैसे त्यांना त्या क्षणभराच्या नटगिरीचे मिळाले. हे वाचून मी आधी हसलो. मग लक्षात आलं की यात चमत्कार काहीच नाही. नटांची युनियन आहे. सिनेमा पुन्हा कुठे दाखवला की नटाला किती द्यायचे, याचं कोष्टक आहे. पडद्यावर चेहरा दिसला की ते कोष्टक आपोआप लागू होतं, समोरचा माणूस आवडो न आवडो. पात्र जन्माला घालणाऱ्यासाठी असं सगळ्यांना लागू होणारं काहीच नाही. ‘द गार्डियन’नं त्याच वर्षी छापलं होतं की सिनेमासाठी कॉमिक वापरलं की मार्व्हलकडून लेखक-चित्रकाराला साधारणपणे पाच हजार डॉलरचा चेक आणि प्रीमियरचं निमंत्रण जातं. ज्या सिनेमांची कमाई अब्जांत मोजतात, त्यातून पाच हजार. आमच्याकडे लग्नात मानपानाची पाकिटं देतात, त्यांतसुद्धा जरा तरी ऐपत बघतात.

‘अ‍ॅव्हेंजर्स’ सिनेमांतला खलनायक थॅनॉस, त्याचंही तेच. लेखक-चित्रकार जिम स्टारलिन यांनी १९७३ मध्ये ‘आयर्न मॅन’च्या ५५ व्या अंकात त्याला आणला, ड्रॅक्सही त्याच अंकातला, गमोरा थोडी नंतरची. जानेवारी २०१७ मध्ये स्टारलिननी फेसबुकवर लिहिलं की डीसीकडून त्यांना केजीबीस्टसाठी आलेला चेक हा थॅनॉस, गमोरा आणि ड्रॅक्स या तिघांचे मिळून मार्व्हलकडून आलेल्या पैशांहून मोठा आहे. केजीबीस्ट कोण? ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये लेक्स लूथरच्या वतीनं बंदूक घेऊन फिरणारा तो रशियन गडी. सिनेमा दोनदा पाहिलेल्यालाही त्याचं नाव आठवणार नाही. पोस्ट गाजली, मग तुमच्या लोकांनी स्टारलिनशी नव्यानं बोलणी केली, आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, शोक करणाऱ्या लोकांना गोल बसवून बोलतं करतो, त्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर स्टारलिन बसलेले दिसले. स्वतःच्या पात्रानं संपवलेल्या अर्ध्या विश्वाचा शोक करत! प्रसंग भन्नाट जमलाय, त्याला तोड नाही. पण बोलणी व्हायला फेसबुकवर चारचौघांत बोलावं लागलं, हे मला खटकतं. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याचं काय?

थॅनॉसचा विषय निघालाच आहे तर एक चाहता म्हणून बोलतोच. कॉमिक्समधला थॅनॉस मृत्यूच्या प्रेमात पडलेला आहे. मृत्यू ही तिथे एक बाई आहे, आणि तिनं आपल्याकडे वळून पाहावं म्हणून हा निम्मं विश्व मारतो. सिनेमात तुम्ही त्याला लोकसंख्या आणि अन्नपाण्याचा हिशोब दिलात. प्रेक्षकांना तो पटला आणि जोश ब्रोलिननं सोनं केलं, मान्य. तरी मला तो वेडा प्रियकरच जास्त भयानक वाटतो, कारण हिशोब करणाऱ्याशी निदान वाद तरी घालता येतो. असो. तुम्ही काहीही बदललंत तरी ती चुटकी बदलली नाहीत. १९९१ च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ या कॉमिक मालिकेच्या पहिल्याच अंकात थॅनॉस चुटकी वाजवतो आणि निम्मे जीव नाहीसे होतात. लेखन स्टारलिनचं, चित्रं जॉर्ज पेरेझ यांची. सगळ्या जगानं थिएटरात श्वास रोखून पाहिलेला तो क्षण सत्तावीस वर्षं आधी त्या दोघांनी कागदावर मांडला होता.

आता नावांचं बघू. लोकांना शेवटपर्यंत खुर्चीत बसायची सवय तुम्हीच लावलीत. आमच्याकडच्या मल्टिप्लेक्सला सिनेमा संपल्याबरोबर दिवे लागतात, झाडूवाले दारात येऊन उभे राहतात, एरवी लोक नावं सुरू होताच पार्किंगचा रस्ता धरतात. तुमच्या सिनेमाला मात्र सगळं थिएटर बसून असतं, नावांच्या पुढच्या छोट्या प्रसंगासाठी. म्हणजे नावं वाचायला तयार बसलेला एवढा प्रेक्षक तुमच्याइतका दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि त्याच्यासमोर ब्रुबेकर-एप्टिंगसारखी नावं जातात ती ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली, शेकडो नावांच्या गर्दीत, मुंगीच्या अक्षरांत. आभार चहा पाजणाऱ्याचे मानतात. ज्याची गोष्ट घेतली त्याचं नाव श्रेयात लागतं.

वर गंमत अशी की मार्व्हलच्या चिन्हातच कॉमिक्सची पानं फडफडतात. पानं दिसतात, ती काढणारा हात दिसत नाही.

आमच्या मराठी नाटकाला तिसरी घंटा झाली की अंधारात आवाज येतो : संस्थेचं नाव, नाटकाचं नाव, लेखक अमुक, दिग्दर्शक तमुक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा. पडदा त्यानंतर उघडतो. नट कितीही मोठा असो, लेखकाचं नाव आधी कानावर पडतं. मिनिटभराचा मामला. पोरासोरांनाही ती नावं पाठ होतात आणि मोठेपणी ‘कुणाचं नाटक आहे?’ असं विचारलं की बऱ्याचदा लेखकाचंच नाव सांगितलं जातं. तुमच्या धंद्यात हे का होऊ नये, मला खरंच कळत नाही. पैसेही पडत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर तुमच्या वकिलांचं उत्तर मला ठाऊक आहे. पानामागे ठरलेले पैसे दिले, काम कंपनीसाठी केलं, हक्क कंपनीचे. कायदा तुमच्याच बाजूनं आहे. पण तो तुमच्या बाजूला आला कसा, तेही आठवा. १९७० च्या दशकापर्यंत मार्व्हलमध्ये बऱ्याच जणांशी धड करारच नसायचा. चेकच्या मागे मजकूर छापलेला असायचा की या कामाचे सगळे हक्क कंपनीचे. त्या मजकुराखाली सही केल्याशिवाय चेक वटायचा नाही. घरभाडं द्यायचंय, पोरं शाळेत आहेत, समोर चेक आहे. कोण सही करणार नाही?

चित्रकार जॅक कर्बी यांनीही असेच चेक वटवले. फँटास्टिक फोर, थॉर, हल्क, एक्स-मेन, ब्लॅक पँथर, सगळ्यांच्या जन्मात त्यांचा हात. १९८० च्या दशकात मार्व्हलनं चित्रकारांची मूळ पानं परत द्यायला घेतली, तेव्हा बाकीच्यांना एका पानाच्या कागदावर सही मागितली आणि कर्बींपुढे चार पानांचा दस्तऐवज ठेवला. आपली स्वतःची चित्रं परत मिळवायला म्हाताऱ्याला भांडावं लागलं, आणि मिळाली ती काढलेल्यांपैकी थोडीच. १९९४ मध्ये ते गेले. वारसांनी २००९ मध्ये हक्कांच्या नोटिसा दिल्या. डिस्नेनं चार अब्ज डॉलर मोजून मार्व्हल घ्यायचं जाहीर केलं, त्याच सुमाराला. समझोता झाला तो सप्टेंबर २०१४ मध्ये, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट प्रकरण ऐकायचं की नाही हे ठरवायच्या तोंडावर. म्हणजे कर्बींच्या पश्चात वीस वर्षांनी.

डीसीवाल्यांनी हे वाचून हसू नये. तुमचा पायाच १३० डॉलरवर उभा आहे. मार्च १९३८ मध्ये क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांना ४१२ डॉलरचा चेक मिळाला, त्यातले १३० सुपरमॅनचे, कायमचे. चेकवर दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली. म्हणून मागे दोघांनी दोन-दोन सह्या केल्या, एक चुकलेल्या नावाची आणि एक खऱ्या. २०१२ मध्ये त्या चेकचा लिलाव झाला तेव्हा कागदाच्या त्या तुकड्याला एक लाख साठ हजार डॉलर आले.

१९७५ मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या सिनेमाची तयारी चालली होती. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली, सीगल कारकुनी करत होते. सीगलनी वर्तमानपत्रांना लांबलचक पत्रक धाडलं आणि त्यात सिनेमाला चक्क शाप दिला. असा तळतळाट एखाद्या लेखकाला आपल्याच पात्राच्या सिनेमाबद्दल जाहीर करावा लागतो, तेव्हा काय पाळी आली असेल! नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आणि डीसीची मालक कंपनी वॉर्नरनं दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचं पेन्शन आणि श्रेय दिलं. कोर्टानं काही दिलं नाही. अब्रू जाईल या भीतीनं दिलं.

आणि बॅटमॅनचे लेखक बिल फिंगर. चित्रकार बॉब केननी १९३९ मध्ये बॅटमॅनचं पहिलं चित्र काढलं ते लाल कपड्यांतल्या, डोळ्यांवर छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख असलेल्या माणसाचं. फिंगरनी सांगितलं की डोक्यावर कानांची टोपी दे, पंखांऐवजी झूल दे, रंग काळपट कर. ब्रूस वेन हे नाव त्यांचं, गॉथम हे नाव त्यांचं, पहिली गोष्ट त्यांची. करार मात्र एकट्या केनचा. फिंगर १९७४ मध्ये गेले. मुलानं ऑरेगनच्या किनाऱ्यावर त्यांची रक्षा वाळूत वटवाघळाच्या आकारात पसरली. एवढंच काय ते त्यांचं श्रेय, पुढची चाळीस वर्षं. मार्क नोबलमन या लेखकानं पिच्छा पुरवला, नात उभी राहिली आणि २०१५ मध्ये नाव लागलं. तेही ‘बॉब केन, सोबत बिल फिंगर’ असं. ही ‘सोबत’ मला अजून सलते.

डीसीचं एक मात्र खरं. जेनेट कान आणि पॉल लेव्हिट्झ हे डीसीचे प्रमुख होते त्या काळात तुमच्याकडे पात्र रचणाऱ्याला वाटा द्यायची पद्धत बसली, म्हणून तर स्टारलिनना केजीबीस्टचा चेक आला. वुल्व्हरिन रचणाऱ्यांतले लेखक लेन वीन सांगायचे की नोलनच्या बॅटमॅन सिनेमांत मॉर्गन फ्रीमननी केलेल्या ल्युशियस फॉक्सचे त्यांना जेवढे मिळाले, तेवढे वुल्व्हरिनचे कधी मिळाले नाहीत. वुल्व्हरिनचे! म्हणजे नियम करता येतो, आणि तो केल्यानं कंपनी बुडत नाही, याचा पुरावा तुमच्याच दप्तरात आहे.

पण तुमच्याकडेही ‘वॉचमेन’चे लेखक अ‍ॅलन मूर यांचं प्रकरण आहे. ‘वॉचमेन’च्या करारात कलम होतं की पुस्तक छापायचं थांबलं की हक्क मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्याकडे परत जातील. पुस्तक इतकं खपलं की छापायचं कधी थांबलंच नाही. यशाचीच शिक्षा झाली. मूर यांनी पुढे सिनेमांवर आपलं नाव नको म्हटलं, पैसे चित्रकारांना द्या म्हटलं. २००९ चा सिनेमा मी पाहिला. चौकटीच्या चौकटी उचललेल्या, रंग तेच, संवाद तेच, आणि तरी कुठेतरी सगळं उलटं. मूर-गिबन्सना मुखवटेवाल्यांची मारामारी केविलवाणी दाखवायची होती. सिनेमानं ती संथ गतीत, चाटूनपुसून देखणी केली. याउलट २०१९ ची टीव्ही मालिका मूळ गोष्टीपासून कुठल्या कुठे गेली, पण तिनं पुस्तक नीट वाचलं होतं. म्हणून मी इमानदारी मागत नाहीये. वाटेल तेवढं बदला. फक्त कुणाचं बदलताय ते सांगा.

वुल्व्हरिनवरून झालेला गोंधळही याच मुळाचा. २०२४ मध्ये त्याच्या श्रेयात रॉय थॉमस यांचं नाव आलं. १९७४ मध्ये, वुल्व्हरिन जन्मला तेव्हा, ते मार्व्हलचे संपादक होते. नाव आणि कॅनडाची कल्पना आपली, असं ते सांगतात. लेखक लेन वीन, चित्रकार हर्ब ट्रिम्पी आणि थोरले जॉन रोमिटा तिघंही तोवर गेलेले, त्यामुळे दुसरी बाजू सांगायला वीन यांच्या पत्नीला पुढे यावं लागलं. खरं-खोटं करणारा मी कोण? पण श्रेय कसं ठरतं हे बंद खोलीत राहिलं की हेच होणार.

आमच्या घरचं एक उदाहरण देतो. ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ २०२३ मध्ये मराठीतही आला, याचा केवढा आनंद झाला. त्यात मुंबटन या काल्पनिक शहराच्या ट्रॅफिकवरून झोके घेणारा भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आला आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या. (हा सिनेमा सोनीचा, फायगीसाहेब, तुमचा नव्हे, पण पात्र मार्व्हलचंच.) पवित्रला २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलं, कांग यांनी काढलेला स्पायडरमॅन धोतर नेसून मुंबईच्या गच्च्यांवरून उड्या मारायचा. शिट्ट्या मारणाऱ्यांतल्या किती जणांना ही तीन नावं माहीत होती? इथल्याच पोरांना कळलं असतं की हे काम आपल्याकडचा माणूस कागद-पेन्सिल घेऊन करू शकतो, तर त्यातून दोन-चार चित्रकार तरी निघाले असते.

फायगीसाहेब, तुम्हाला हे जमत नाही असं मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मधला तुमचा ‘फँटास्टिक फोर’ ज्या पृथ्वीवर घडतो तिचा क्रमांक ८२८ आहे, कारण कर्बींचा जन्म २८ ऑगस्टचा आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. सिनेमाच्या अखेरीला कर्बींचेच शब्द पडद्यावर येतात. मी थिएटरात टाळी वाजवली, शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं. फार बरं वाटलं. पण कर्बींना ते पाहायला मिळालं नाही, आणि हे कौतुक दिग्दर्शकाच्या मनात आलं म्हणून झालं. पुढच्याच्या मनात नाही आलं तर?

म्हणून आता येऊ घातलेल्या कामाबद्दल बोलतो. ‘सिक्रेट वॉर्स’ नावाचा सिनेमा तुम्ही जाहीर केलाय. त्या नावाची पहिली मालिका १९८४ ची, लेखक जिम शूटर आणि चित्रकार माइक झेक यांची. शूटर २०२५ मध्ये गेले. दुसरी २०१५ ची, लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार इसाद रिबिच. तिच्यात डॉक्टर डूम मोडक्या विश्वांचे तुकडे जोडून त्यांचा देव होऊन बसतो, आणि डूमचा मुखवटा तर रॉबर्ट डाउनी ज्युनियरना द्यायचं तुमचं ठरलंच आहे. हिकमन आणि रिबिच दोघं हयात आहेत, काम करतायत. सिनेमाचं नाव येण्याआधी त्यांची आणि झेक यांची नावं पडद्यावर येऊ द्या, आणि त्यांच्याशी जो काही करार कराल त्याचे दर जाहीर करा, म्हणजे पुढच्या लेखकाला फेसबुकवर लिहावं लागणार नाही. गनसाहेब, सॅफ्रनसाहेब, तुमच्याकडे पद्धत आहेच. ती लेखी स्वरूपात सगळ्यांसमोर ठेवा, आणि ‘सोबत’ हा शब्द तेवढा काढता येतो का बघा.

उत्तराची अपेक्षा नाही. नावं दिसली की समजेन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
तिकीट काढून येणारा एक वाचक